अमळनेरचा दाखला आणि सहा रुपयांचा शेअर

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, पेनी शेअरचा, म्हणजे अगदी कमी भावाच्या शेअरचा, विषय निघाला की पाच मिनिटांत अमळनेर येतंच. ‘विप्रोसुद्धा एकेकाळी एवढीशीच होती. ज्यांनी तो कागद पेटीत जपून ठेवला, त्यांची नातवंडं आज कोट्यधीश आहेत.’ गोष्ट खरी आहे आणि खानदेशाने ती अभिमानाने सांगावी. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सहा रुपयांचा शेअर कुणाच्या गळ्यात बांधायला हाच दाखला वापरतात, तेव्हा अर्धी गोष्ट गाळलेली असते.

१९४५ साली अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ सुरू झाली ती वनस्पती तूप बनवायला. कारखाना होता, पुढे साबण निघू लागला, माल रोज विकला जात होता. १९६६ मध्ये अझीम प्रेमजींच्या हाती कारभार आला आणि नंतर कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली. ज्यांनी शेअर ठेवले त्यांची संपत्ती वाढली ती वर्षानुवर्षांच्या नफ्यातून, लाभांशातून आणि पुन्हापुन्हा मिळालेल्या बोनस शेअरांतून. शेअरचा भाव कमी होता म्हणून ती वाढली, असं कुणी म्हणत असेल तर त्याने हिशेब पाहिलेला नाही. लहान कंपनी आणि स्वस्त दिसणारा शेअर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टिप देणारे मुद्दाम त्यांची सरमिसळ करतात.

आधी भावाचं बघू. सहा रुपयांचा शेअर आणि सहाशे रुपयांचा शेअर यांत स्वस्त कोणता, हे नुसत्या भावावरून कळत नाही. पहिल्या कंपनीचे २०० कोटी शेअर बाजारात असतील, तर तिची किंमत झाली १,२०० कोटी. दुसरीचे १ कोटीच शेअर असतील, तर तिची ६०० कोटी. म्हणजे सहा रुपयेवाली दुप्पट महाग, आणि नफा कुणाचा किती हे तर आपण अजून बघितलंच नाही. दहा रुपये दर्शनी मूल्याचा शेअर एक रुपयाचा केला की भाव आपोआप एक दशांश होतो आणि शेअर ‘स्वस्त’ वाटायला लागतो. भाकरीचे दहा तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही.

याच संदर्भात एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं नाव हल्ली फार फिरवलं जातं. ‘साडेतीन रुपयांचा शेअर एका दिवसात सव्वादोन लाखांच्या वर!’ घडलं ते असं. ही कंपनी एशियन पेंट्सचे शेअर बाळगून आहे. जून २०२४ मध्ये एल्सिडचा नोंदलेला भाव होता ३ रुपये ५३ पैसे, पण एका शेअरमागची मालमत्ता लाखांत होती. त्यामुळे त्या भावाला विकणारा कुणी नव्हताच. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा होल्डिंग कंपन्यांसाठी बीएसईवर खास लिलाव झाला, त्यात भाव निघाला २,२५,००० रुपये आणि त्याच दिवशी तो २,३६,२५० वर गेला. साडेतीन रुपयांना तो शेअर तुम्हाआम्हाला मिळण्याची सोयच नव्हती. पडद्यावर दिसणारा भाव आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यांतलं हे अंतर पेनी शेअरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं आहे. एल्सिडमध्ये ते घेणाऱ्याला भोवलं, बाकी शंभर ठिकाणी ते विकणाऱ्याला भोवतं.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने पेनी शेअरची कायदेशीर व्याख्या केलेली नाही. बाजारात दहा-वीस रुपयांच्या खालच्या शेअरला पेनी म्हणतात. मी तीन गोष्टी एकत्र असतील तरच तो शब्द वापरतो: भाव कमी, कंपनीची एकूण किंमत काहीशे कोटींच्या आत, आणि रोजची उलाढाल अगदी किरकोळ. यातली तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात तोळा मोडायला नेला तर घट कापून का होईना, पैसे हातावर पडतात. कापूस बाजार समितीत नेला नाही तरी खेडा खरेदीवाला दारात येतो. भाव पाडून मागतो, पण घेतो. पेनी शेअर लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या पडझडीच्या मर्यादेला, गेला की पाडून मागणारासुद्धा उरत नाही, आणि याचं कारण नियमातच आहे. अशा शेअरला दिवसाची मर्यादा घालून दिलेली असते: २, ५, १० किंवा २० टक्के. दहा रुपयांच्या शेअरला ५ टक्क्यांची मर्यादा असेल तर त्या दिवशी तो साडेनऊच्या खाली जाऊच शकत नाही. समजा त्याची खरी लायकी चार रुपयांची आहे आणि चारला घ्यायला माणसं तयार आहेत. पण चारचा सौदा त्या दिवशी नोंदवताच येत नाही, आणि साडेनऊला कुणी घेणार नाही.

मग मोबाईलवर मार्केट डेप्थ, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी, उघडली तर चित्र साधारण असं दिसतं. डावीकडे खरेदीच्या पाचही ओळींत शून्य. उजवीकडे पहिल्याच ओळीत ९.५० ला विक्रीसाठी ७ लाख ४० हजार शेअर. दिवसभरात झालेला सौदा १,८५० शेअरांचा. तुमचे २,००० शेअर त्या रांगेत कुठेतरी मागे उभे. एकाच भावाला ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा नंबर आधी, म्हणून जाणकार लोक रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर टाकून ठेवतात. तरीही नंबर लागेलच असं नाही, आणि दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.

रोज ५ टक्क्यांचं लोअर सर्किट लागत राहिलं तर दहाचा शेअर दहा दिवसांत ५.९९ वर येतो, चौदाव्या दिवशी निम्म्याच्या खाली, आणि विसाव्या दिवशी ३.५८. हे सगळे ट्रेडिंगचे दिवस, म्हणजे चार आठवड्यांत खेळ आटोपला. मर्यादा २ टक्क्यांची असेल तर निम्मा व्हायला पस्तीस दिवस लागतात, पण तेवढे दिवस तुम्ही नुसते बघत बसता.

‘मी स्टॉप लॉस लावून ठेवतो’ हे वाक्य अशा वेळी फार ऐकू येतं. स्टॉप लॉस किंवा जीटीटी म्हणजे ठरलेल्या भावाला आपली विक्रीची ऑर्डर बाजारात जाते, इतकंच. समोर घेणारा नसेल तर ती ऑर्डर त्याच साडेसात लाखांच्या रांगेत जाऊन उभी राहते. त्यात शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये असेल, म्हणजे बीएसईवर टी किंवा एक्सटी गटात, एनएसईवर बीई मालिकेत, तर सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकताही येत नाही. आधी डिलिव्हरी डिमॅटमध्ये यायला हवी. २०२३ पासून ती दुसऱ्या ट्रेडिंग दिवशी येते खरी, पण दुपारी सर्किट फिरलं तर तो एक दिवससुद्धा महाग पडतो.

आता हे शेअर वर कसे जातात ते बघा, कारण बहुतेकांना मोह तिथेच पडतो. ५ टक्क्यांचं अपर सर्किट रोज लागलं की पंधरा दिवसांत भाव दुपटीवर जातो. पडद्यावर खरेदीसाठी चार लाखांची रांग, विकणारा शून्य, रोजचा सौदा हजार-दीड हजार शेअरांचा. बघणाऱ्याला वाटतं, एवढी मागणी! प्रत्यक्षात ती रांग लावायला भांडवल फारसं अडकत नाही. सौदा झालाच नाही तर पैसे द्यायचेच नसतात, आणि ऑर्डर केव्हाही मागे घेता येते. हजार शेअरांचा सौदा आपल्याच दोन खात्यांत फिरवला की रोजचं सर्किट तयार.

या खेळाची चाहूल कागदावर बरीच आधी लागते. वर्षानुवर्षं धंदा नसलेली कंपनी नाव बदलते. कालची ‘ट्रेडिंग’ किंवा ‘फायनान्स’ कंपनी आज ‘ग्रीन’, ‘टेक’ नाहीतर ‘एआय’ होते. मग प्रेफरन्शियल अलॉटमेंट होतं, म्हणजे ठरावीक दहा-वीस नावांना कमी भावात शेअर दिले जातात. प्रमोटर, म्हणजे कंपनीचे मालक-चालक, नसलेल्या अशा लोकांना साधारण सहा महिने ते विकता येत नाहीत. त्यापुढचा काळ नीट बघा. मुदत संपत आली की मोठ्या ऑर्डरच्या, परदेशी कराराच्या, बोनस आणि स्प्लिटच्या घोषणा सुरू होतात आणि त्याच सुमारास टेलिग्रामवर टिपा फिरू लागतात. एके दिवशी सर्किट उघडतं आणि हजाराच्या जागी वीस लाखांचा सौदा होतो. नव्याने आलेल्यांना वाटतं, अखेर शेअर मिळाला. मिळणारच, कारण त्या दिवशी ऑपरेटर, म्हणजे भाव खेळवणारा, माल उतरवत असतो.

साधना ब्रॉडकास्ट आणि शार्पलाइन ब्रॉडकास्ट या दोन कंपन्यांबद्दल सेबीने २ मार्च २०२३ रोजी काढलेले अंतरिम आदेश ज्याला ही साखळी कडी-कडीने समजून घ्यायची आहे त्याने मुळातून वाचावेत. आधी मोजक्या खात्यांत खरेदी-विक्री होऊन भाव आणि उलाढाल वाढली. साधनाबद्दल जुलै २०२२ च्या उत्तरार्धात यूट्यूबवर व्हिडिओ आले. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी विकत घेणार, असे खोटे दावे त्यांत होते, आणि ते जास्तीत जास्त लोकांना दिसावेत म्हणून जाहिरातीवर पैसा ओतला होता. साधनाच्या लहान भागधारकांची संख्या सुमारे दोन हजारांवरून पंचावन्न हजारांवर गेली, आणि आधीपासून शेअर धरून बसलेल्यांनी चढ्या भावात ते विकले. ते पंचावन्न हजार लोक मूर्ख नव्हते. कागद वाचायच्या आधी व्हिडिओ बघितला, एवढीच त्यांची चूक.

हे सगळं खरं असलं तरी कमी भावाचे सगळे शेअर खोटे असतात असं मी म्हणणार नाही. उलट बाजूचं ठळक उदाहरण आपल्याच भागातून दिसतं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. त्या ज्या सुझलॉनच्या, तिचा शेअर जानेवारी २००८ मध्ये ४०० रुपयांच्या वर होता. परदेशातल्या खरेद्या आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली तो मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्याही खाली आला. त्यानंतर कर्जाची पुनर्रचना झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ रुपये भावाने १,२०० कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांना नवे शेअर, आला, ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थांनी १७.५५ रुपये भावाने २,००० कोटी घातले, कर्ज फिटत गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८० च्या वर गेला. दोनचे ऐंशी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मधलं एक पान उलटून बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये सन फार्माच्या दिलीप संघवींनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी याच कंपनीत १८ रुपये भावाने १,८०० कोटी घालायचं ठरवलं. चारशेचा शेअर अठराला, याहून स्वस्त काय असणार? पाच वर्षांनी तो दोनच्या खाली होता. ८० वरून ८ वर आलेला शेअर ‘आता आणखी किती पडणार’ म्हणून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की ८ वरून ८० पैशांवर आला तरी त्याचे आणखी ९० टक्के जातात. आणि ९० टक्के गेलेले परत यायला भाव दहापट व्हावा लागतो. सुझलॉनमध्ये पैसा मिळाला तो मुख्यतः ज्यांनी कर्जाचा प्रश्न सुटताना बघितला आणि मग घेतला त्यांना. शेअर दोनला नाही मिळाला, पाचला किंवा सातला मिळाला, तरीही तो पुरला.

जळगावच्या जैन इरिगेशनचंही असंच. ठिबकच्या नळ्या शेतात दिसतात, टिश्यू कल्चरच्या केळीच्या रोपांना मागणी असते, कामगारांच्या बस धावताना दिसतात. म्हणून जिल्ह्यातल्या अनेकांचं म्हणणं असायचं की आपल्याला ही कंपनी आतून माहीत आहे. माल चांगला आहे, हे आपल्याला माहीत होतं. ठिबकच्या धंद्यात सरकारी अनुदानाची येणी दीर्घकाळ अडकून राहतात, त्यासाठी खेळतं भांडवल कर्जाने उभं करावं लागतं, आणि ते कर्ज किती झालं आहे, हे शेताच्या बांधावरून दिसत नाही. २०१९ मध्ये हप्ते थकले, २०२० मध्ये शेअर एक आकडी भावात आला. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिसमध्ये विलीन झाला, कर्जाचा भार उतरला, त्यानंतर भाव पन्नाशीपार गेला. दोन्ही वळणं ताळेबंदात आधी आली, शेअरच्या भावात नंतर.

म्हणून उलटणारी कंपनी शोधायची असेल तर मी चार खुणा बघतो. व्याज भरण्याआधीचा धंद्यातला नफा सलग चार तिमाह्या तरी दिसायला हवा. कर्ज वर्षागणिक कमी होत असावं. प्रमोटर स्वतःचे पैसे घालत असावा, आणि त्याचे शेअर तारण असतील तर ते सुटत असावेत. चौथी गोष्ट बरेचजण विसरतात: एकूण शेअरांची संख्या. कर्जाच्या बदल्यात बँकांना शेअर दिले, राइट्स काढले, वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क) दिले, की संख्या फुगते. कंपनी सावरली तरी तुमचा वाटा पातळ झालेला असतो.

आणि कंपनी सावरते, पण जुना भागधारक बुडतो, असंही होतं. दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटपाच्या रांगेत शेअरधारक सर्वांत शेवटी उभा असतो. गृहकर्ज देणारी डीएचएफएल पिरामलने घेतली, तेव्हा मंजूर योजनेत जुन्या शेअरची किंमत शून्य धरली गेली आणि जून २०२१ मध्ये ते बाजारातून निघाले. त्याआधी शेवटच्या काही दिवसांपर्यंत लोक ते घेत होते, कारण ‘मोठी कंपनी येते आहे’ एवढंच त्यांनी ऐकलं होतं. रुची सोया पतंजलीकडे गेली, तेव्हा १०० जुन्या शेअरांचा १ नवा झाला. जानेवारी २०२० मध्ये तो पुन्हा नोंदला गेला आणि जूनअखेर १,५०० च्या वर गेला खरा, पण तेव्हा लोकांच्या हाती जेमतेम एक टक्का शेअर होते. तो भाव टंचाईचा होता. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, असेल तर शेअर कितीही स्वस्त दिसो, मी त्याला हात लावू नका असंच म्हणेन. इथे मला दुसरी बाजू दिसत नाही.

एवढं वाचूनही थोडा पैसा घालावासा वाटला तर एक संध्याकाळ खर्च करा. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचा सहा आकडी स्क्रिप कोड टाका. गट बघा. झेड असेल तर कंपनीने नोंदणीचे नियम पाळलेले नाहीत, तिथेच पान बंद करा. मग देखरेखीची सूचना बघा. एएसएम, जीएसएम, ईएसएम ही तीन नावं दिसू शकतात. जीएसएममध्ये वरच्या टप्प्यात गेलेल्या शेअरचा सौदा आठवड्यातून एकदाच होतो आणि घेणाऱ्याला व्यवहाराच्या रकमेइतकी जास्तीची अनामत भरावी लागते. ईएसएम जून २०२३ पासून लहान कंपन्यांसाठी आलं. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात मर्यादा २ टक्के आणि सौदे ठरावीक वेळच्या लिलावाने होतात. बाजार समितीत जसा घंटा वाजल्यावर ढिगाचा लिलाव होतो, तसंच. ही सूचना म्हणजे कंपनी लबाड असल्याचा निकाल नव्हे, पण बाहेर पडायचं दार अरुंद झालं आहे, याची लेखी नोंद आहे.

मग वार्षिक अहवाल. नफा-तोटा पत्रकापेक्षा रोखप्रवाहाचं पान आधी उघडा. कागदावर ३ कोटी नफा आणि धंद्यातून आलेली रोख उणे २ कोटी, असं दोन-तीन वर्षं चालू असेल तर विक्री नुसती वहीत आहे. येणी बघा: ४० कोटींच्या विक्रीवर ३८ कोटींची येणी म्हणजे वर्षभर माल दिला आणि जवळजवळ कुणीच पैसे दिले नाहीत. ‘कर्जे आणि अग्रिम’ या ओळीत कंपनीने दुसऱ्यांना दिलेल्या रकमा असतात; तिथे कुणाला दिले ते स्पष्ट नसेल तर पैसे मागच्या दाराने बाहेर चालले आहेत. ऑडिटरच्या अहवालात ‘क्वालिफाइड’, म्हणजे आक्षेप नोंदवून दिलेला, अभिप्राय असेल, किंवा ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. तिमाही निकाल ४५ दिवसांत (मार्च तिमाहीचे ६० दिवसांत) आणि भागधारकांचा तक्ता २१ दिवसांत यायला हवा. जी कंपनी ही साधी तारीख पाळत नाही, तिच्या बाकी आकड्यांवर विसंबू नये.

रक्कम ठरवायची रीत माझ्या मते अशी असावी. मागच्या तीस दिवसांची सरासरी उलाढाल काढा, शेअरांत नव्हे तर रुपयांत. रोज ४०,००० शेअर आणि भाव ६ रुपये, तर २ लाख ४० हजार. त्याच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊ नका, म्हणजे १२ हजार. पन्नास हजार घालायची इच्छा असली तरी या शेअरमध्ये बाराच. कारण उलाढाल आटून दहा हजार शेअरांवर आली, तरी चार-पाच दिवसांत रांगेतून सुटण्याची आशा राहते. सगळे पेनी शेअर मिळून एकूण गुंतवणुकीच्या ३ ते ५ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. मे-जूनमध्ये बियाणं, खत आणि मजुरीला लागणारा पैसा, केळीच्या कटाईचे आलेले पैसे ज्यांतून पुढची लागवड करायची आहे, किंवा पीककर्ज, यातला एक रुपयाही इकडे वळवू नका. पेनी शेअर तुमची पेरणीची तारीख बघून मोकळा होत नाही.

खर्चही जमेस धरा. साठ पैशांच्या शेअरमध्ये एका पैशाचा फरक म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. ६० ला घेणारा आणि ६२ ला विकणारा असेल तर तुम्ही घेतल्याक्षणी तीन टक्क्यांहून जास्त मागे पडता. डिलिव्हरीवर घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, जातो. विकताना डीपी शुल्क, म्हणजे डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क, लागतं, जीएसटी धरून साधारण पंधरा रुपये, आणि ते त्या दिवशी विकलेल्या प्रत्येक कंपनीमागे लागतं. लोअर सर्किटात पाच हजारांचा माल पाच दिवसांत तुकड्यातुकड्यांनी सुटला तर पंचाहत्तर रुपये त्यातच गेले. बीएसईवरच नोंदलेल्या एक्स, एक्सटी आणि झेड गटांतल्या शेअरांना व्यवहार शुल्कही ए-बी गटापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं. ब्रोकरच्या दरपत्रकात ते छोट्या अक्षरांत असतं, शोधून वाचा.

पडता शेअर अ‍ॅव्हरेज करण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. दहाला १,००० घेतले, पाचला आणखी २,००० घेतले, सरासरी ६.६७ वर आली. मनाला बरं वाटतं. पण आता विकायला ३,००० शेअर आहेत, घेणारा तेवढाच आहे, आणि ज्या कंपनीने निम्मे बुडवले तिच्यात तुम्ही दुप्पट रक्कम गुंतवली. चांगल्या चालत्या कंपनीत हा वाद घालता येतो, इथे नाही.

टिप देणारा ‘सेबी रजिस्टर्ड’ म्हणत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक आयएनएच ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर नावासकट जुळवून बघता येतो. खात्रीशीर परताव्याची हमी देणारा नोंदणीकृत असला तरी नियम मोडतो आहे. मेसेजचा स्क्रीनशॉट, तारीख आणि ग्रुपचं नाव जपून ठेवा. कंपनी किंवा ब्रोकरविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते, आणि तिथे ‘फसवलं’ एवढं लिहून भागत नाही, तारीख आणि पुरावा लागतो.

ज्यांचे शेअर आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी आयकराचं थोडं. विकल्याशिवाय तोटा दाखवता येत नाही, म्हणून सौदे होत असतील तर मार्च उजाडायची वाट न बघता आधीपासून रांगेत लागा. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा तोटा कुठल्याही भांडवली नफ्यातून वजा होतो. वर्षानंतर विकलेल्याचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. नफा झाला असेल तर २३ जुलै २०२४ पासून अल्प मुदतीला २० टक्के आणि दीर्घ मुदतीला सव्वा लाखाच्या वरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर आहे. ३१ मार्च २०१८ पर्यंत दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त होता, आणि काळ्याचे पांढरे करायला पेनी शेअरांचा सर्रास वापर झाला. त्यामुळे मोठा नफा दिसला की आयकर खातं आजही चौकशी करतं आणि सौदा खरा होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. काँट्रॅक्ट नोट, बँकेचा उतारा आणि डिमॅटचा उतारा, तिन्ही एकाच फाइलमध्ये लावून ठेवा. आणि तोटा पुढे न्यायचा असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरा. उशिरा भरलं तर तो भांडवली तोटा पुढच्या वर्षी वापरता येत नाही.